पायांनी शिकलेला माणूस

(द्वितीय वर्ष कला, मराठी)

पनवेल सोडून एस. टी. गोव्याच्या रस्त्याला लागली, की थोड्याच वेळात झाडीच्या माथ्यावर एक काळाकभिन्न सुळका आभाळात घुसलेला दिसू लागतो. तो कर्नाळा किल्ल्याचा सुळका. आमच्याकडे त्याला कर्नाळ्याचा अंगठा म्हणतात. पेणच्या पुढे माझ्या मामाचे गाव असल्यामुळे लहानपणापासून हा अंगठा मी किती वेळा पाहिला असेल त्याची गणतीच नाही. पण पाहिला तो खिडकीतून, आणि तोही आता पेण जवळ आले एवढे कळण्यापुरता. ह्या सुळक्याभोवती कुणी एक आख्खी कादंबरी रचली आहे, हे प्रथम वर्षाला असताना ग्रंथालयातून ‘जैत रे जैत’ घरी नेली तेव्हा मला कळले. आणि ती लिहिणारे गो. नी. दांडेकर हे सातवीतच शाळा सोडून निघालेले होते, हेही त्याच सुमारास समजले.

ही दुसरी गोष्ट माझ्या मनाला अधिक लागली, हे प्रांजळपणे सांगते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडिलांची शाळा दहावीला सुटली. आजी आजही कागदावर अंगठा उठवते. अशा घरातून आलेल्या मुलीला वाटू लागते, की आपल्या घरात ज्ञान म्हणून काही नव्हतेच. जे काही आहे ते ह्या इमारतीत आल्यावर सुरू झाले. मलाही तसेच वाटत होते. गोनीदांच्या चरित्राने त्या समजुतीला धक्का दिला, म्हणून हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. ज्यांचा त्यांच्या साहित्याचा व्यासंग दांडगा आहे त्या प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे.

गोपाळ नीलकंठ दांडेकरांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्याला झाला. परतवाडा अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वर चिखलदऱ्याजवळ गाविलगड हा बलाढ्य किल्ला. ज्याने पुढे उभे आयुष्य डोंगरी किल्ल्यांच्या वाटा तुडवण्यात घालवले, त्याचा जन्म एका किल्ल्याच्या मुलखात व्हावा हा योगायोगच. त्याला याहून अधिक अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. वऱ्हाडची बोली मात्र तिथेच कानात बसली असणार. कारण पुढे त्यांनी ‘पूर्णामायची लेकरे’ लिहिली, ती वऱ्हाडी बोलीच्या बळावरच.

१९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले आणि देशात सत्याग्रहाचे वारे सुटले. गोपाळ तेव्हा सातवीत होता, वय तेराच्या आसपास. ते वारे त्याच्याही अंगात शिरले आणि हा मुलगा घर सोडून बाहेर पडला. आपण चरित्रे वाचताना असे प्रसंग भराभर वाचून पुढे जातो. पण आमच्या आळीतला सातवीतला मुलगा उद्या असा निघून गेला तर काय होईल? आई उंबऱ्यावर बसून राहील, बाप स्टेशने धुंडाळील. त्या काळच्या आईचे काळीज काही वेगळे नसणार. देशभक्तीचे तेज मान्य करूनही हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शाळा सुटली आणि शिक्षण सुरू झाले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. भटकता भटकता तो गाडगे महाराजांजवळ पोचला. गाडगेबाबाही अमरावती जिल्ह्यातलेच. हातात खराटा, अंगावर चिंध्या. गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून लोकांच्या डोक्यातला केर काढायचा, असा त्यांचा क्रम. गोपाळने त्यांच्या सहवासात राहून त्यांचा संदेश गावोगाव नेला; पुढे त्यांचे चरित्रही लिहिले. यातली एक गंमत मला फार विचार करायला लावते. स्वतः बाबा निरक्षर, पण पोरांना शाळेत घाला, मग त्यापायी घरातले ताट विकावे लागले तरी चालेल, असे ते लोकांना कळवळून सांगत. आणि हे ऐकणाऱ्यांत त्यांच्या मागोमाग चालणारा एक शाळा सोडलेला मुलगा! तो शाळेत परत गेला नाही खरा. पण शिकायचे सोडले नाही. खेड्यातल्या माणसाच्या पंगतीला कसे बसावे, त्याचे कसे ऐकावे आणि त्याच्याच शब्दांत त्याच्याशी कसे बोलावे, हे त्याला त्या खराट्याच्या सोबतीने कळले असावे, असे त्यांच्या कादंबऱ्या वाचताना सारखे वाटते.

त्यानंतर ज्ञानेश्वरीचा आणि वेदान्ताचा अभ्यास झाला. नर्मदेची परिक्रमाही ह्याच भटकंतीच्या काळातली. अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. परिक्रमा करणाऱ्याने ती उजव्या हाताला ठेवून एका काठाने जायचे आणि दुसऱ्या काठाने यायचे. म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चाल. मध्ये नदी ओलांडायची नाही, जवळ पैसा बाळगायचा नाही, कुणी घालील ते खायचे. ह्या अनुभवातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी निघाली. मधली काही वर्षे ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कामात होते. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि ह्या माणसाने ठरवले, की यापुढे आपण लेखन करायचे आणि लेखनावरच जगायचे. हातात पदवी नाही, नोकरी नाही, आणि मराठीत लिहून घर चालवायचे! घरात नीराताई होत्या. त्यांनी तो संसार कसा रेटला असेल, त्यावर कुणी स्वतंत्र लिहिले पाहिजे. थोरांच्या चरित्रांत चूल नेहमीच मागच्या खोलीत असते.

हे बिऱ्हाड स्थिरावले पुण्याजवळच्या तळेगाव दाभाडे येथे. आता नकाशा उघडून पाहा. तळेगावच्या आसपास लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, आणि थोडे पलीकडे बोरघाटाच्या अंगाला राजमाची. मावळातल्या किल्ल्यांचे कोंडाळेच ते. तिथून अप्पांची (त्यांना सारे अप्पाच म्हणत) दुर्गयात्रा सुरू झाली ती पाय थकेपर्यंत थांबली नाही. रायगड, राजगड, तोरणा ही तर त्यांची दैवते. एकाच गडावर ते पुनःपुन्हा जात. उन्हाळ्यात गेले तर पावसाळ्यात परत जात. खांद्याला पडशी, गळ्यात कॅमेरा आणि बहुधा मागे तरुण पोरांचा घोळका. ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही पुस्तके ह्या पायपिटीचे फळ होत. गड चढायला जाण्यापूर्वी पुस्तक वाचायचे आणि उतरल्यावर पुन्हा वाचायचे, ही सवय मराठी मुलांना बऱ्याच अंशी त्यांनी लावली.

गड पाहण्याची त्यांची रीत मला अभ्यासण्यासारखी वाटते. आपण सहलीला जातो तेव्हा दोनच गोष्टी करतो. एक तर देखावा सुंदर आहे असे म्हणतो, नाही तर येथे अमुक साली लढाई झाली असे पाटीवर वाचतो. गोनीदांचे डोळे आणखी काही शोधत. सह्याद्रीचा काळा पाषाण फोडून गडावर पाण्याची टाकी खोदत आणि तोच निघालेला दगड तटाला वापरत. म्हणजे पाणी आणि संरक्षण दोन्ही एकाच घणाच्या घावात. हे ज्याला ठाऊक आहे त्याला कोरडे टाकेसुद्धा बोलके होते. मग त्या टाक्यातले पाणी कोण शेंदत होते, दरवाजा कोण लावत होते, हा प्रश्न आपोआप येतो. १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रजांनी कित्येक गडांचे दरवाजे आणि पायऱ्या उद्ध्वस्त केल्या. राजे गेले, फौजा गेल्या. पण गडाच्या माचीवरची आणि घेऱ्यातली माणसे कुठे जाणार? ती नाचणी-वरी पिकवत तिथेच राहिली. गोनीदा गेले ते ह्या माणसांच्या ओसरीवर.

‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी याचे उत्तम उदाहरण आहे. तुंग किल्ल्याच्या हवालदारीचा मान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे घराणे. आता ती हवालदारी काय राहिली? पगार नाही, शिपाई नाहीत, शत्रू नाही. पण धोंडीच्या मनात गड अजून त्याच्या हवाली आहे. ‘माचीवरला बुढा’ राजमाचीचा. मुंबईत आयुष्य घालवून म्हातारा आपल्या माचीवर परत येतो आणि रानातल्या पशुपक्ष्यांच्या सोबतीने राहतो. ह्या दोन्ही पुस्तकांत किल्ला आहे, डोंगर आहे, पाऊस आहे, आणि ती कुठेही चित्रासारखी भिंतीवर टांगलेली नाहीत. शिवकालावर त्यांनी ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’ अशा पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा मान मोठा आहे. पण मला व्यक्तिशः गडावरचा महाराजांचा काळ रंगवणाऱ्या गोनीदांपेक्षा, सारे संपल्यावर गडावर उरलेल्या माणसांपाशी बसलेले गोनीदा अधिक जवळचे वाटतात.

याच संदर्भात परदेशातले एक उदाहरण आठवते. आमच्या इंग्रजीच्या सरांनी तासाला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची गोष्ट सांगितली होती. हा स्कॉटलंडचा लेखक १८७८ साली दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हेन नावाच्या डोंगराळ मुलखात (सात ह्या आकड्याशी ह्या नावाचा संबंध नाही) एक गाढवीण घेऊन बारा दिवस पायी हिंडला. गाढविणीचे नाव मोडेस्टिन. तिने त्याला इतके छळले, की निम्मे पुस्तक तिच्या हट्टाचेच आहे! पण तोही केवळ देखावा पाहत नव्हता. त्या डोंगरांत १७०२ साली गरीब प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांनी आपल्या धर्मासाठी चौदाव्या लुईच्या फौजेशी गनिमी पद्धतीने झुंज दिली होती. स्टीव्हन्सन त्या झुंजीच्या जागा शोधत आणि तिथल्या माणसांशी बोलत गेला. आज त्या वाटेला त्याचे नाव आहे आणि लोक मुद्दाम ती चालायला जातात. फरक एवढाच, की तो बारा दिवसांनी गाढवीण विकून निघून गेला. आपले अप्पा पुनःपुन्हा परत येत राहिले. एकदा येणाऱ्याला माणसे आपली गोष्ट सांगतात, दहाव्यांदा येणाऱ्याला आपली भांडणे सांगतात. गोनीदांच्या कादंबऱ्यांत भांडणे पुष्कळ आहेत.

आणि ती ज्या त्या बोलीत आहेत. मावळातली माणसे मावळी बोलतात, ‘शितू’ आणि ‘पडघवली’तली कोकणातली, ‘जैत रे जैत’मधले ठाकर ठाकरी. छापील पुस्तकात आपल्या घरच्यासारखे बोलणे आढळले म्हणजे काय वाटते, हे ज्याच्या घरी प्रमाण मराठी बोलतात त्याला सांगून कळायचे नाही. शाळेत असताना मी एकदा वर्गात आगरी बोलीतला शब्द बोलून गेले, तर सारा वर्ग हसला होता. नंतर मी गप्प बसायला शिकले. सातवीतून निघालेल्या ह्या माणसाने दूरदूरच्या बोली आपल्या कानांनी टिपल्या आणि त्यांना मराठी साहित्याच्या दिवाणखान्यात सन्मानाने बसवले.

‘जैत रे जैत’ची कथा अनेकांना चित्रपटामुळे माहीत असेल. १९७७ साली जब्बार पटेलांनी तो काढला, ना. धों. महानोरांची गीते, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या भूमिका. नाग्या हा ठाकर. त्याला पुण्यवंत व्हायचे आहे. लिंगोबाच्या सुळक्यावरच्या राणीमाशीने त्याचा एक डोळा घेतला, म्हणून तो त्या डोंगराशी आणि त्या माशीशी वैर धरतो. त्याच्यासाठी चिंधी नवरा सोडून येते. सुळका सर होतो, मधाची पोळी पडतात आणि त्या विजयाची किंमत चिंधीच्या प्राणाने चुकवावी लागते. आमच्याजवळचा तो अंगठा म्हणजे हा लिंगोबा!

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल कर्नाळ्याला ठरली, तेव्हा वडील आधी तयारच होईनात. आम्ही पोटासाठी डोंगर चढलो, तू फुकटची कशाला चढतेस, असा त्यांचा सवाल. याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी आजीने रदबदली केली आणि मी गेले. १९६८ पासून तो परिसर पक्षी अभयारण्य आहे. झाडीतून वर गेल्यावर तट लागतो आणि मग तो सुळका एकदम अंगावर आल्यासारखा उभा राहतो. त्याच्या पोटाशी कातळात खोदलेली टाकी आहेत, आणि वर कपारींत खरोखरच मधमाश्यांची पोळी. मान वर करून पाहताना मला नाग्या आठवला. तिथून आसमंत पाहिला. ह्या किल्ल्याने बोरघाटातून उतरून पनवेल बंदराकडे येणाऱ्या व्यापारी वाटेवर नजर ठेवली होती, हे त्या जागी उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही. पायथ्याकडे शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. मैत्रिणी फोटो काढण्यात गुंतल्या होत्या. मीही काढले, उगाच वेगळेपणा कशाला सांगू?

गोनीदांत उणे काही नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ते भक्त होते, आणि भक्ताच्या डोळ्यांना काही गोष्टी कमी दिसतात. त्यांची गडावरची माणसे गडावर इतका जीव टाकतात, की त्यांच्या पोटाचे काय, हे वाचकही विसरतो. डोंगरात राहणाऱ्या प्रत्येकालाच डोंगर प्यारा असतो असे नाही; कित्येकांना तिथून निघायचे असते आणि निघता येत नाही. दुसरे असे, की ज्यांनी मातीवरच्या मायेचा ‘धोंडी’ लिहिला त्यांनीच ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही भाक्रा-नांगल धरण उभारणाऱ्यांवरची कादंबरीही लिहिली. पुढे धोंडीच्या त्या पवनेवरही धरण झाले आणि खोऱ्यातली कितीतरी जमीन पाण्याखाली गेली. एकाच लेखकाच्या मनात धरणाचा अभिमान आणि जुन्या खोऱ्याची ओढ एकत्र नांदावी, याचे मला आधी नवल वाटले. मग आमचेच घर आठवले. नव्या शहरासाठी आमची भातशेती गेली. त्याच शहराच्या रस्त्याने मी कॉलेजला येते. आजी त्या रस्त्याला अजून आपल्या खाचराच्या नावाने ओळखते. दोन्ही गोष्टी आमच्याही घरात एकत्रच नांदतात.

मानसन्मान त्यांना मिळाले. ‘स्मरणगाथा’ ह्या भटकंतीच्या आठवणींच्या पुस्तकाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. १९८१ साली अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या वऱ्हाडात जन्म घेतला त्याच वऱ्हाडात. शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. १ जून १९९८ रोजी ते गेले. तेव्हा आम्ही कुणी जन्मलेलो नव्हतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने रायगड, राजगड, लोहगड यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले, त्या दिवशी पेढे वाटले गेले. कर्नाळा त्या यादीत नाही, तुंगही नाही. गोनीदांना यादीतले आणि यादीबाहेरचे सारखेच होते.

सहलीहून परतल्यावर एका रात्री मी आजीला आमच्या डोंगराविषयी विचारले. बेलपाड्याच्या पाठीशी खारघरचा डोंगर आहे, तिथेच पांडवकडा. पावसाळ्यात तो धबधबा पाहायला गर्दी लोटते, अपघात होतात, म्हणून बंदीही असते. आजीने तो देखावा म्हणून कधी पाहिला नाही. ती लग्न होऊन आली तेव्हापासून लाकडाची मोळी आणायला त्या डोंगरात जात होती. मी वही घेऊन बसले तेव्हा तिला हसू आले. ह्यात लिहिण्यासारखे काय आहे, हे तिला कळेना. मग बोलू लागली. कुठल्या घळीत उन्हाळ्यातही ओल असते, कुठल्या वाटेने मोळी घेऊन उतरताना पाय घसरत नाही, कुठली करवंदे आधी पिकतात, कुठल्या दगडाला काय म्हणतात. दोन पाने भरली तरी नावे संपेनात. त्यातल्या काही जागा आता राहिलेल्या नाहीत, तरी तिने त्यांची नावे गाळली नाहीत.

निम्म्या चढणीवर एक मोठा धोंडा आहे, कमरेएवढा उंच. बायका त्याला पाठ लावून डोक्यावरची मोळी त्याच्यावर टेकवीत आणि घटकाभर बसत. तो अजून असेल, असे आजीचे म्हणणे. येत्या मार्गशीर्षात, गुडघे बरे असले तर, ती मला तिथवर नेणार आहे.